परग्रहावरील जीव आणि इंग्रजीचा तास

रायपूर शहरात पंडरी नावाचा एक गजबजलेला भाग आहे. कापडाची मोठी बाजारपेठ ही त्याची ओळख. २०२१ पर्यंत शहराचे मोठे बसस्थानकही तेथेच होते. पुढे ते भाठागावला गेले. अशा बाजारातील मुरलेला दुकानदार कापड चिमटीत धरतो, अंगठ्याने चोळतो, उजेडाकडे करून पाहतो आणि मग गिऱ्हाइकाला सांगतो, ‘इसमें सूत कम होगा.’ ‘सूत कम है’ असे तो म्हणत नाही. गिरणीत ते कापड विणले जाताना तो हजर नव्हता, हे त्याच्या भाषेला ठाऊक असते. बोटांना जेवढे कळले, तेवढ्याचाच भार तो क्रियापदावर टाकतो. आणि हे त्याला कोणत्याही शाळेने शिकविलेले नसते.

शाळेत मात्र हीच गोष्ट इंग्रजीतून शिकविण्याची वेळ आली की गाडी अडते. इंग्रजीत तर्क व्यक्त करण्यासाठी ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘मस्ट’, ‘कान्ट’ अशी साहाय्यक क्रियापदे आहेत. त्यांचा सराव व्हावा म्हणून इंग्रजी शिकविणाऱ्यांनी एक विषय फार आवडीने हाताशी धरला आहे. तो म्हणजे, दुसऱ्या ग्रहांवर जीवसृष्टी असेल काय? व्याकरणाच्या तासाला मंगळ आणि गुरू कोठून आले, असे पालकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु ही निवड वरवर दिसते तितकी लहरी नाही. शेजाऱ्याच्या घरात दिवा का जळतो आहे, असा प्रश्न घातला तर त्याचे उत्तर कोणाला तरी, निदान त्या शेजाऱ्याला तरी, माहीत असते. परग्रहावरील जीवांचे उत्तर मात्र आज पृथ्वीच्या पाठीवर कोणापाशीच नाही. वर्गातील अगदी मागच्या बाकावरचा मुलगा आणि फळ्यापुढे उभे असलेले गुरुजी या एका प्रश्नापुरते एकाच पातळीवर येतात. उत्तर चुकण्याची भीती या प्रश्नात उरत नाही. चुकू शकते ती केवळ पुराव्याची आणि शब्दाची जोडणी.

ज्या विद्यार्थ्याचा विचार येथे करावयाचा, तो रायपूरमधील एखाद्या मराठी घरातील आहे असे समजू. मराठी माणूस या मुलखात नवा नाही. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, तरी नागपूर आणि रायपूर ही शहरे एकाच प्रांतात राहिली, ती १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत. नोकरीच्या निमित्ताने पूर्वेकडे आलेली घराणी तेथेच रुजली. त्यांच्या घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी छत्तीसगढी आणि पुस्तकात इंग्रजी. अशा मुलाला तर्क करण्याच्या तीन-चार पद्धती आयत्याच मिळालेल्या असतात. छत्तीसगढी शेजारीण ‘होही’ म्हणते, हिंदी दुकानदार ‘होगा’ म्हणतो आणि घरी आजी ‘असेल हो’ म्हणते. त्यांतील आजीचे भांडवल सर्वांत मोठे आहे, ही गोष्ट मात्र त्याला कोणी सहसा सांगत नाही.

मराठीतील ‘असणे’ हे एकच क्रियापद घ्यावे. ‘तो घरी असेल’ यात केवळ अंदाज आहे. ‘तो घरी असावा’ म्हटले की काहीतरी खूण दिसल्याची कबुली आली. दाराशी चपला आहेत, खिडकी उघडी आहे. ‘तो घरीच असणार’ यात बोलणाऱ्याने आपली पत पणाला लावली. ‘असू शकेल’ म्हणणारा फक्त दार किलकिले ठेवतो. ‘असेलही’ मधला तो एवढासा ‘ही’ तर विलक्षणच. ‘मला पटत नाही, पण तुमचे म्हणणे मी खोडूनही काढीत नाही’ हे सगळे वाक्य त्या एका अक्षरात मावते. शिवाय ‘म्हणे’ आहेच. ‘मंगळावर पाणी सापडले म्हणे’ असे बोलणारा बातमी पुढे देतो, पण तिला जामीन राहत नाही. जुन्या व्याकरणकारांनी क्रियापदाच्या या रूपांना अर्थ म्हटले आणि त्यांतील ‘-आवे’ या रूपाला विध्यर्थ असे नाव दिले. कर्तव्य, इच्छा, शक्यता, तर्क असे बरेच कुटुंब त्या एका छपराखाली नांदते.

येथे एक गंमत आहे आणि शिक्षकाच्या ती फार उपयोगी पडण्यासारखी आहे. इंग्रजीतील ‘मस्ट’ हा शब्द दोन कामे करतो. ‘यू मस्ट गो’ यात आज्ञा आहे आणि ‘ही मस्ट बी ॲट होम’ यात अनुमान आहे. विद्यार्थी येथे गोंधळतात. घरी असण्याची सक्ती कोणी केली, असे विचारतात. मराठीतही नेमके असेच घडते, हे दाखविले की गोंधळ पुष्कळ ओसरतो. ‘त्याने घरी असावे’ हे कर्तव्य आणि ‘तो घरी असावा’ हा तर्क. रूप एकच, फक्त कर्ता आपला वेश बदलतो. हिंदीत या दोन कामांना ‘चाहिए’ आणि ‘होगा’ असे दोन वेगळे गडी आहेत. म्हणजे ‘मस्ट’ समजून घेण्याच्या बाबतीत मराठी मुलगा आपल्या हिंदी सोबत्याहून चार पावले पुढेच असतो. पण त्याला मराठीतून विचार करण्याची मुभा असेल तर. नकाराच्या जागी मात्र त्याचीच मराठी त्याला चकवते. ‘असावा’ चा नकार ‘नसावा’, म्हणून तो ‘मस्ट’ चा नकार ‘मस्ट नॉट’ करतो. प्रमाण ब्रिटिश इंग्रजी येथे ‘कान्ट’ मागते. ‘चंद्रावर झाडे असणे शक्य नाही’ याला ‘देअर कान्ट बी ट्रीज ऑन द मून’ असे म्हणावे लागते. ‘मस्ट नॉट’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटावे, चंद्रावर वृक्षारोपणास मनाई करण्यात आली आहे. अमेरिकन बोलण्यात अनुमानासाठी ‘मस्ट नॉट’ चा प्रयोग आढळतो, परंतु परीक्षकाच्या लाल पेन्सिलीपुढे तो टिकेलच असे नाही.

हा धडा वर्गात सामान्यतः कसा शिकविला जातो? फळ्यावर एक कोष्टक येते. ‘मस्ट’ म्हणजे जवळजवळ शंभर टक्के खात्री, ‘मे’ म्हणजे पन्नास टक्के, ‘माइट’ म्हणजे तीस टक्के. मग रिकाम्या जागा भरावयाच्या. या टक्क्यांना कसलाही आधार नाही. जिवंत इंग्रजी बोलणारा मनुष्य तोंड उघडण्यापूर्वी असा हिशेब करीत नाही. ‘मे’ आणि ‘माइट’ यांत आज फारसा भेद तो मानीतही नाही. कोष्टकाचे खरे नुकसान वेगळेच आहे. त्यात पुराव्याला जागाच नसते. ‘मंगळावर जीव ____ असेल’ ही रिकामी जागा मुलगा कशाच्या बळावर भरणार? मंगळाविषयी त्याला काही सांगितलेलेच नसते. तो बाजूच्या मुलाच्या वहीत पाहतो. हा तर्क खासच नव्हे.

म्हणून मंगळाची हकीकत आधी सांगावी, आणि तीही भाषेच्याच अंगाने, कारण भाषेने केलेली एक जगप्रसिद्ध फसगत तीत आहे. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता मिलानच्या वेधशाळेतून जोव्हानी स्क्यापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाने त्याचा नकाशा काढला. त्याला पृष्ठभागावर काही रेषा दिसल्या. त्यांना त्याने ‘कॅनाली’ म्हटले. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ नैसर्गिक ओघळ किंवा खाडी असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कॅनल्स’ झाले, म्हणजे कालवे. ओघळ आपोआप पडतो. कालवा कोणीतरी खणावा लागतो. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा आठच वर्षे लोटली होती आणि कालवा म्हणजे मानवी कर्तृत्वाची परमावधी असे ते दिवस होते. एका शब्दासरशी मंगळावर अभियंते अवतरले. अमेरिकेतील श्रीमंत गृहस्थ पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनात खास वेधशाळा उभारली आणि सुकत चाललेल्या मंगळावरील प्रगत लोकांनी ध्रुवांकडचे पाणी आणण्यासाठी हे जाळे खणले, असा सिद्धान्त मांडला. रेषा दिसतात, तेव्हा कालवे असावेत. कालवे आहेत, तेव्हा खणणारे असणारच. ‘असावेत’ ते ‘आहेत’ ही उडी कोणत्या क्षणी घेतली गेली, हे लॉवेल यांच्या वाचकांच्या लक्षातही आले नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९०७ मध्ये एक छोटेखानी पुस्तक लिहून मंगळ इतका थंड आहे की तेथे उघड्या कालव्यातून पाणी वाहणे अशक्य, असे दाखविले. पण नीरस सत्याला गिऱ्हाईक कमी. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या थोड्याशा छायाचित्रांत उल्कापातांची विवरे दिसली. कालवा एकही नव्हता.

वर्गात या हकीकतीचा उपयोग उघड आहे. स्क्यापारेल्ली, लॉवेल आणि वॉलेस यांच्या तोंडी एकेक इंग्रजी वाक्य घालावयास मुलांना सांगावे. पहिला ‘मे’ म्हणेल, दुसरा ‘मस्ट’, तिसरा ‘कान्ट’. आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘बिकॉज’ लिहून कारण देणे सक्तीचे करावे. टक्क्यांच्या कोष्टकाहून ही एक अट अधिक व्याकरण शिकवील.

१९७६ मध्ये ‘व्हायकिंग’ नावाची दोन याने मंगळावर उतरली. तेथील मातीत पोषक द्रव घातला असता वायू बाहेर पडला. मातीत जिवाणू असतील, तर असेच घडावे. परंतु त्याच यानातील दुसऱ्या उपकरणाला जीवसृष्टीला आवश्यक अशी कार्बनी द्रव्ये आढळली नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की वायू बाहेर पडण्याचे कारण मातीतील रसायने असावीत. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माती तापवून तपासताना हेच क्षार कार्बनी द्रव्ये नष्ट करू शकतात, असे ध्यानात आले आणि मिटलेला वाद थोडासा पुन्हा उघडला. वर्गापुढे ही दोन्ही उपकरणांची साक्ष ठेवावी आणि गुरुजींनी गप्प बसावे. कोर्टात बसल्याप्रमाणे मुले भांडतील, आणि त्या भांडणात ‘माइट हॅव बीन’ हे अवघड रूप कोणी न सांगता त्यांच्या तोंडी बसेल.

मराठी विद्यार्थ्याला याहूनही जवळचे उदाहरण देता येते. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापूरला झाला, पण ते वाढले बनारसमध्ये. त्यांचे वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे घरात मराठी आणि बाहेर हिंदी, हीच रायपूरच्या मुलाची स्थिती. बनारसहून ते केंब्रिजला गेले, पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक झाले आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातच त्यांचे निधन झाले. मराठी वाचक त्यांना विज्ञानकथांमुळे अधिक ओळखतो. परंतु कथेतला तर्क आणि प्रयोगशाळेतला तर्क यांच्यातील सीमारेषा त्यांच्याइतकी कसोशीने पाळणारे थोडेच. जीवाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असतील काय, हा त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचा आवडता प्रश्न. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्या कल्पनेकडे साशंकतेने पाहत. नारळीकरांनी तिच्यावर प्रवचन केले नाही, फुगा सोडला. २००१ च्या जानेवारीत हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात गेला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून खाली आणण्यात आली. २००५ मध्ये तो प्रयोग पुन्हा झाला. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत नमुने स्वतंत्रपणे तपासले गेले. जंतूंच्या तीन जाती अशा निघाल्या की ज्या पूर्वी नोंदलेल्या नव्हत्या आणि अतिनील किरणांना त्यांच्या जवळच्या भाईबंदांहून अधिक दाद न देणाऱ्या होत्या. त्यांतील एकीला हॉईल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले.

आता प्रश्न आला शब्दांचा. एवढ्या उंचीवर जंतू सापडले. तेव्हा ते वरूनच आले, असे जाहीर करण्याचा मोह कोणाला झाला नसता? २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध करताना इस्रोने जे सांगितले त्याचा आशय असा होता की या जंतूंचे मूळ पृथ्वीबाहेर असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र हे संशोधन पुढे चालविण्यास त्यामुळे उत्तेजन मिळते. ते खालूनही वर गेले असू शकतील. वादळे आणि ज्वालामुखी कितीतरी गोष्टी वर फेकतात. सरकारी निवेदन म्हटले की सावध, पुळचट भाषा अशी आपली समजूत असते, आणि ती पुष्कळदा खरीही असते. कचेरीतील टिप्पणीत ‘प्रथमदर्शनी असे दिसते की’ ही शब्दावली अनेकदा जबाबदारी टाळण्यासाठीच योजलेली असते. येथे मात्र तीच सावध भाषा जबाबदारी घेण्यासाठी योजली गेली. दोन्हींतील फरक व्याकरणाने ओळखता येत नाही. पुढे कारण दिले आहे की नाही, एवढ्यावरूनच तो ओळखावा लागतो.

ताजे उदाहरण हवे असेल तर २०२५ च्या एप्रिलमधले आहे. सिंह राशीच्या दिशेला, पृथ्वीपासून सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर एका ताऱ्याभोवती के-टू-अठरा-बी नावाचा ग्रह फिरतो. वजनाने तो पृथ्वीच्या आठपटीहून अधिक आहे. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (त्यांचेही शिक्षण वाराणसीतच झाले, हा एक योगायोग) आणि त्यांचे सहकारी यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या साहाय्याने त्या ग्रहाच्या वातावरणात एका वायूच्या खुणा आढळल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीव निर्माण करतात. त्या खुणा निव्वळ योगायोगाने दिसल्या असण्याचा संभव त्यांनी हजारात तीन इतका धरला. शोध म्हणून मान्यता मिळण्यासाठी शास्त्रात तो याहून पुष्कळ कमी असावा लागतो, हेही त्यांनी सांगितले. पुढे इतर गटांनी तीच निरीक्षणे तपासली आणि खुणा पुरेशा भक्कम नाहीत असे मत दिले. शिवाय तो वायू एका धूमकेतूवरही आढळलेला आहे, आणि धूमकेतूवर समुद्र नाही. वृत्तपत्रांचे मथळे मात्र पहिल्याच दिवशी पुढे धावले. मूळ निवेदनात जेथे ‘माइट’ होते, तेथे कित्येक मथळ्यांत प्रश्नचिन्ह तेवढे उरले आणि समाजमाध्यमांत पोहोचेपर्यंत तेही गळाले. हा एक मथळा आणि ते निवेदन शेजारी शेजारी फळ्यावर लिहून, मधला शब्द कोठे हरवला ते शोधा, असे सांगितले तर तासाचे सार्थक होईल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पंडरीसारख्या भागातील मुलाला इंग्रजी कशासाठी हवे? नोकरीच्या मुलाखतीसाठी, गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी, बँकेत, रुग्णालयात वा विम्याच्या कचेरीत काम करण्यासाठी. गल्लोगल्ली इंग्रजी संभाषणाचे जे वर्ग निघाले आहेत, ते आत्मविश्वास देण्याचे आश्वासन देतात. तेथे ‘कदाचित’ हा शब्द दुबळेपणाचा मानला जातो. छाती पुढे काढून ठाम बोला, असा त्यांचा उपदेश. एवढी धडपड करून शिकलेल्या मुलाच्या तोंडी पुन्हा ‘मे’ आणि ‘माइट’ च घालावयाचे काय?

परंतु ज्या नोकऱ्यांची नावे वर आली, त्यांतच उत्तर आहे. रुग्णालयातील परिचारिकेला डॉक्टर इंग्रजीत विचारतात, रोग्याने सकाळची गोळी घेतली काय? टेबलावरचे पाकीट फाडलेले आहे, पण गोळी घेताना तिने पाहिलेले नाही. ‘ही हॅज टेकन इट’, ‘ही मस्ट हॅव टेकन इट’ आणि ‘ही मे हॅव टेकन इट’ या तीन वाक्यांतून तिला एक निवडावयाचे आहे, आणि पुढची मात्रा त्या निवडीवर ठरावयाची आहे. मराठीत ती क्षणात सांगेल, ‘घेतली असावी, पण मी पाहिले नाही.’ इंग्रजीत तिला फक्त ठाम बोलावयाचे शिकविले असेल, तर ती पहिले वाक्य उच्चारील; उच्चारही शुद्ध असेल. अपघाताचा जबाब, मालाच्या तुटीचा अहवाल, विम्याचा दावा, सगळीकडे हीच अडचण. एका भाषेत प्रामाणिक असलेला मनुष्य दुसऱ्या भाषेत केवळ शब्द न मिळाल्यामुळे अप्रामाणिक ठरतो, आणि ते त्याला कळतही नाही. परग्रहावरील जीवांची चर्चा करून त्याला हे शब्द मिळणार असतील, तर तो तास चैनीचा म्हणता येणार नाही. उलट, खऱ्या रोग्यावर सराव करण्यापेक्षा मंगळावर सराव करणे पुष्कळ स्वस्त पडते.

परीक्षा ही मात्र खरी धोंड आहे. रिकाम्या जागेसाठी उत्तरसूचीत एकच शब्द छापलेला असतो. ‘मे’ लिहिणाऱ्याला गुण आणि ‘कुड’ लिहिणाऱ्याला भोपळा, असे होणार असेल तर मुले वादविवाद करणार नाहीत, शब्द घोकतील. यावर उपाय अवघड नाही. प्रश्नात पुराव्याची दोन वाक्ये द्यावीत आणि विद्यार्थ्याला स्वतःचे एक वाक्य कारणासह लिहावयास सांगावे. तपासणाऱ्याला वेळ अधिक लागेल हे खरे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला गिरवून आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी वाक्येच्या वाक्ये लिहिली आणि कोणीतरी ती तपासलीही.

शिक्षकाने या दृष्टीने करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या जाड कवचाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, असे आजवरच्या निरीक्षणांवरून मानले जाते. तेथे जीव आहेत की नाहीत, कोणालाच ठाऊक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या पाहणीसाठी ‘युरोपा क्लिपर’ हे यान निघाले आणि ठरल्याप्रमाणे सारे घडल्यास ते २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. जीव शोधून काढण्याचे त्याचे काम नाही. जीव जगू शकतील अशी परिस्थिती तेथे आहे काय, एवढेच ते पाहणार आहे, आणि हा भेदही मुलांना अगोदर समजावून द्यावा. मग प्रत्येकाकडून युरोपाविषयी सहा वाक्ये इंग्रजीत लिहून घ्यावीत. दोन ‘मस्ट’ ची, दोन ‘माइट’ ची, दोन ‘कान्ट’ ची, प्रत्येकापुढे कारण. खाली दिनांक आणि सही. वह्या तपासून परत द्याव्यात, पण चूक की बरोबर असा शेरा व्याकरणापुरताच असावा. त्या सहा वाक्यांतील ग्रहविषयक मजकूर तपासण्याचे काम गुरुजींचे नाही. ते यानाकडे सोपवलेले आहे.